पट्टीखालचा आकडा

आमच्या मोजणीबाईंइतकी घाबरट बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. कुत्र्याला घाबरायच्या, लिफ्टला घाबरायच्या, साहेबांचा नुसता फोन वाजला तरी बसल्या जागी ताठ व्हायच्या. मी गाडी जरा दामटली की दरवाजावरची कडी धरून "काका, हळू... काका, हळू" असा जप सुरू. आता मी काय शर्यत लावायला निघालो होतो? ती आमची पांढरी खडखडी व्हॅन, मागे वजनकाटे आणि वायरींची खोकी. जोरात न्यायची म्हटली तरी गेली नसती. वर आणि घरून निघाल्यावर गॅस बंद केलाय की नाही ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जायचं. घरी त्यांची आई असायची हो! पण आईला ऐकू कमी येतं, फोनवर विचारायची सोय नाही. मग काय, वळवा गाडी. मी रागारागाने गिअर टाकायचो आणि त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या.

मी ज्या संस्थेची गाडी चालवतो ती घरं मोजते. लांबी-रुंदी नव्हे. एका घरात वीज किती जळते, गॅस किती जातो, पाणी किती तापवतात, कचऱ्यात काय काय फेकतात, आणि या सगळ्याचा हवेला किती त्रास होतो, ते मोजायचं. त्यासाठी शहरातली काही घरं निवडलेली होती. निम्म्या घरांत विजेचे नवे गिझर बसवले, निम्म्या घरांत जुने गॅसचेच ठेवले. अख्खा हिवाळा दोन्ही मोजायचे आणि कोणता बरा ते सांगायचं. जुळवाजुळव साहेब ऑफिसात करायचे. दारोदार हिंडायचं काम मोजणीबाईंचं, आणि त्यांना हिंडवायचं माझं.

प्रत्येक घरात बाई एक पांढरी डबी भिंतीवर लावायच्या. ही डबी हवा हुंगायची. खोली किती गरम, धूर किती, आणि तो एक मेला वायू, कार्बन मोनॉक्साइड, ज्याला रंग नाही की वास नाही. डबीला आकडा दिसायची छोटी काच होती. बाई त्या काचेवर काळी चिकटपट्टी लावायच्या आणि नखाने कडा दाबून दाबून बसवायच्या. घरच्यांना आकडा दाखवायचा नाही, सांगायचाही नाही, हा या कामातला पहिला नियम. आकडा कळला की माणसं वागणं बदलतात, मग मोजण्यात काय अर्थ? "तुम्ही नेहमी वागता तसंच वागा हं," असं त्या प्रत्येक दारात सांगायच्या, अगदी हात जोडल्यासारखं.

डोंबल नेहमीसारखं! कोणी मोजायला येणार म्हटलं की माणूस आधी पोट आत घेतो. एका घरी दोन फ्रिज होते, त्यातला एक बेडरूममध्ये चादरीखाली लपवलेला. चादर घुरघुरत होती आणि घरधनी म्हणत होता, छे छे, तिथे काही नाही. दुसरीकडे एक बाई वजनाच्या दिवशी निम्मा कचरा शेजारणीच्या डब्यात टाकून यायच्या. गंमत म्हणजे ती शेजारीणही आमच्याच मोजणीत होती. मी हसून हसून बेजार व्हायचो. मोजणीबाई मात्र हसायच्या नाहीत. "काका, हे बरं नाही," एवढंच म्हणायच्या. मला वाटायचं, हिला हसायलाही भीती वाटते.

त्यात आदल्या हिवाळ्यात एक भानगड झाली होती. एका इमारतीत डबीचा आकडा भलताच चढलेला बघून बाईंची बोबडी वळली. त्यांनी सगळे मजले रिकामे करवले, अग्निशमनचा बंब बोलावला. म्हातारीकोतारी माणसं स्वेटर घालून रस्त्यावर उभी. आणि निघालं काय, तर घरातले सासरे सुनेच्या चोरून बरोबर त्या डबीखाली उभे राहून विड्या ओढायचे! ऑफिसात हसून लोळायचे बाकी राहिले सगळे. तेव्हापासून बाईंचं नाव 'बंबवाली' पडलं. साहेबांनी बजावलं, "पुढच्या वेळी आधी डबी तपासायची, मग तोंड उघडायचं." बाई मान खाली घालून "हो सर" म्हणाल्या.

या हिवाळ्यात माझं घरही मोजणीत आलं. गॅसवाल्या घरांत एक घर कमी पडत होतं, म्हणून साहेबांनीच विचारलं. आमची ही तयारच होती, कारण तिची थोरली बहीण, अक्का, आधीपासून मोजणीत होती आणि आल्यागेल्याला "आमच्याकडे गॅस लागतोच किती" म्हणून नाकाने कांदे सोलत होती. झालं! माझ्या बायकोच्या अंगात आलं. चहाला पाणी मोजून, दिवे बंद, मला भाजी कोमट. "अगं, आकडा कोणी सांगणार नाहीये तुला," मी म्हणायचो. "शेवटी सांगतीलच की," ती म्हणायची. "अक्काचं तोंड बघायचंय मला."

घरात तेव्हा माझी लेक होती. जावई कामासाठी बाहेरगावी, म्हणून थंडीचे दिवस ती आमच्याकडे राहायला आलेली. आणि तिची पोर. पोरीचे गाल असे की सगळे तिला फुगीच म्हणायचे. नुकते दात येत होते तिला, हाताला लागेल ते तोंडात. मोजणीबाई डबीतलं आकडे साठवणारं कार्ड बदलायला आल्या की फुगी त्यांचा चष्मा ओढायची. त्या ओढू द्यायच्या.

त्या आठवड्यात लेकीचं डोकं दुखत होतं. सकाळी आंघोळ झाली की पडून राहायची. आम्ही म्हटलं, पोर रात्री झोपू देत नाही, त्याने होत असेल. हिचंही डोकं धरलं होतं. थंडीचे दिवस, कोणाचं धरत नाही?

त्या दिवशी सकाळी बाई नेहमीप्रमाणे आमच्याकडे आल्या, कारण व्हॅन माझ्याच दारात उभी असते. बाथरूमबाहेरच्या बोळातल्या डबीतलं कार्ड त्यांनी बदललं. आमची ही मागे उभी. "कसं चाललंय आमचं?" "काकू, सांगता येत नाही हो मला." "मान तरी हलवा!" बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या आणि पायात चपला अडकवून गाडीत येऊन बसल्या. आम्ही निघालो शहराच्या दुसऱ्या टोकाला.

वाटेत त्यांनी मांडीवर लॅपटॉप उघडला आणि कार्ड घातलं. माझ्या घराचं काम असलं की त्या पडदा खिडकीकडे फिरवायच्या. घरच्यांना दाखवायचं नाही म्हणजे नाही, आणि मी पडलो घरचा! मला त्याची मजा वाटायची. त्या दिवशीही त्यांनी पडदा फिरवला. पण मग खड्डा आला तरी "काका, हळू" नाही. मी बघितलं तर कडी सोडून दोन्ही हात लॅपटॉपवर, आणि चेहरा पांढराफटक.

त्यांनी साहेबांना फोन लावला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं.

"सर, एका घराचा आकडा... नाही सर, रोज सकाळीच. आंघोळीच्या वेळी... हो सर, या आठवड्यातच सुरू झालंय, रोज वाढतंय... हो, डबी बिघडलेली असू शकते. हो सर, बदलते... नाही सर, कोणाला नाही सांगितलं."

"काय हो," मी म्हटलं, "बंब बोलवायचा का?"

एरवी त्या कसनुशा हसायच्या तरी. आता सरळ माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "काका, गाडी बाजूला घ्या."

मी घेतली. मला वाटलं, ओकारी होतेय की काय यांना.

"काका, फुगीला आंघोळ कधी घालतात?"

"आता घालत असेल लेक. ऊन वर आलं की."

"तुमच्या बाथरूमचा झरोका उघडा आहे ना?"

"उघडाच असतो की. का?"

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "काका, हे तुम्हाला सांगायची मला परवानगी नाही," त्या म्हणाल्या आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

एक रेघ होती. आधी जमिनीला चिकटून चाललेली. मग एका सकाळी वर उठलेली, दुसऱ्या सकाळी आणखी वर, आणि शेवटी शेवटी इतकी वर की कागदावर असती तर बाहेर गेली असती.

"हे काय आहे?"

"तुमचं घर आहे. गिझरचा वायू साचतोय. डबी बिघडलेली असेल, काका. देव करो आणि बिघडलेलीच असो. पण गाडी वळवा."

मी लेकीला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. आमच्या हिला लावला, तिने उचलला. मागे माणसांचा गलका.

"तू कुठे आहेस?"

"भाजी घ्यायला आलेय. काय झालं?"

"बाथरूमचा झरोका..."

ती जरा लाजल्यासारखं म्हणाली, "जुनी उशी कोंबलीय त्यात. गरम हवा बाहेर जाते ना सगळी, पाणी लवकर गार होतं. तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी फोन बाईंकडे फेकला आणि गाडी वळवली. त्यांनी हिला काय सांगितलं मला आठवत नाही. रुग्णवाहिकेला फोन केला, पत्ता दोनदा सांगितला. शेजारी कोणी आहे का विचारलं. शेजारचे दोघंही नोकरीला, दाराला कुलूप. मग त्या लेकीचा फोन लावत राहिल्या. वाजतोय म्हणायच्या, वाजतोय, वाजतोय. प्रत्येक सिग्नल लाल. पुढच्या ट्रकवाल्याला मी ज्या शिव्या घातल्या त्या इथे सांगत नाही. आणि माझ्या शेजारी बसलेली ती बाई, जी वळणावर कडी सोडत नसे, ती ओरडत होती, "काका, जोरात घ्या! अहो जोरात!"

मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नाही. मनात एकच येत होतं, फुगी बादलीजवळ बसलेली असते, तिला पाण्यात हात मारायला आवडतं.

दाराला आतून कडी होती. मी हाका मारल्या, थापा मारल्या. आत गिझरचा आवाज येत होता, घुं घुं, आणि दुसरा कसलाही आवाज नाही. व्हॅनमधला जॅकचा दांडा काढला आणि दार फोडलं. कसं फोडलं विचारू नका.

लेक बोळात पडली होती. बाथरूममधून बाहेर यायला निघाली असणार, चार पावलं टाकून कोसळली. फुगी टॉवेलात गुंडाळलेली, तिच्या हाताखाली. गाल गुलाबी. मला वाटलं, झोपलीय. उचलली तर मान लुळी पडली.

"बाहेर!" बाई किंचाळल्या. "दोघींना बाहेर! आत श्वास घेऊ नका!"

मी फुगीला अंगणात नेऊन ठेवलं आणि लेकीला ओढायला परत आलो, तेव्हा मोजणीबाई तोंडाला स्वेटर दाबून बाथरूममध्ये शिरल्या होत्या. गिझर बंद केला, सिलिंडरची चावी फिरवली, बादलीवर चढून ती उशी उपसून काढली. उशी हातात घेऊनच अंगणात आल्या, आणि खाली बसून फुगीच्या तोंडात फुंकर घालायला लागल्या. आम्हाला ते एकदा ऑफिसात शिकवलं होतं. मी तेव्हा मागे बसून पेंगत होतो. "ये गं, ये गं," असं दर फुंकरीनंतर म्हणत होत्या. पोर रडेना. रुग्णवाहिका आली तोवर रडेना.

हॉस्पिटलच्या दारात, नळी लावल्यावर, ती रडली. बारीक, मांजराच्या पिल्लासारखं. मी तिथेच जमिनीवर बसलो. लेकीला शुद्ध यायला आणखी बराच वेळ लागला. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले दोघीही वाचतील, थोडा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. आमची ही भाजीची पिशवी घेऊनच धावत आली होती. तिने ते ऐकलं आणि कपाळ भिंतीवर आपटायला लागली. "मीच केलं हो, मीच केलं. कशाला ऐकलं मी अक्काचं!"

"अक्काचं?" मोजणीबाई वळल्या. "अक्काचं काय ऐकलं?"

"तिनेच सांगितलं ना. तिच्याकडे तिने आधीच कोंबलंय, म्हणून तर तिचा गॅस कमी लागतो..."

अक्काचा फोन लागेना, तिचा फोन नेहमीच कुठेतरी चार्जिंगला पडलेला असतो. बाई उठल्या. स्वेटरवर पोरीची ओकारी, पायात एकच चप्पल. "काका, गाडी काढा."

मी माझ्या लेकीला सोडून निघालो, आणि मला तेव्हा त्याचं काही वाटलंही नाही. भीती एकदा अंगात शिरली की माणूस सांगाल तिकडे जातो. अक्काच्या दारात पोचलो तर दार लावलेलं. बाई दोन्ही हातांनी बडवायला लागल्या. कोणी उघडेना. मी दांडा आणायला वळलो, तेवढ्यात कडी सरकली. अक्का उभी. ओले केस टॉवेलात बांधलेले, तोंडभर हसू.

"काय मोजणीबाई, आला ना आमचा पहिला नंबर?"

बाईंनी तिला बाजूला ढकललं. हो, ढकललं! त्या आत गेल्या, झरोक्यातली गादीची गुंडाळी खेचून काढली, आणि बाहेर येऊन डबीवरची काळी पट्टी टर्रकन ओढली. आकडा चढलेला होता. अक्का म्हणाली, "अगं बाई, काय झालंय काय? तरीच सकाळपासून डोकं ठणकतंय माझं. मला वाटलं थंडीने." मोजणीबाई तिथेच उंबऱ्यात बसल्या आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. अक्का पाणी आणायला धावली. काही कळत नव्हतं बिचारीला.

आम्ही पाणी प्यायलो आणि पुढच्या घरी गेलो. मग त्याच्या पुढच्या. संध्याकाळपर्यंत गॅसवाली सगळी घरं झाली; त्यांची कार्डं या आठवड्यात अजून काढलीच नव्हती. कोणी मोजे कोंबले होते, कोणी पुठ्ठा कापून बसवला होता, एकाने तर भिंतीच्या रंगाचा रंग दिला होता त्याला, आम्हाला कळू नये म्हणून. आम्ही यायच्या आधी ही घरं वर्षानुवर्षं नीट आंघोळी करत होती. आमच्यापुढे आकडा छान दिसावा म्हणून त्यांनी आपली हवा बंद केली. प्रत्येक घरात बाई पट्टी ओढायच्या आणि तळहातात चुरगळायच्या. शेवटी तिचा चांगला लिंबाएवढा गोळा झाला.

साहेबांचा फोन आला. ओरडत होते ते मलाही ऐकू येत होतं, अख्ख्या हिवाळ्याचं माप मातीत गेलं म्हणून. बाई कापत होत्या, खरोखर कापत होत्या, आणि म्हणत होत्या, "हो सर. गेलं सर. तुम्ही एकदा हॉस्पिटलमध्ये या सर." साहेब आले. काचेतून फुगीकडे बघितलं, खुर्चीवर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. बाईंना कामावरून काढलं नाही. आता डब्यांवर पट्टी असते, पण आकडा वाईट झाला की डबी कर्कश ओरडते, आणि बाई दारात आधी झरोका बघतात, मग बाकीचं. आमच्याकडचा गॅसचा गिझर आम्ही भंगारात दिला.

मोजणीबाई काही बदलल्या नाहीत. तशाच भितात, कुत्र्याला, लिफ्टला, साहेबांना. अजूनही अर्ध्या रस्त्यात चुळबुळ सुरू होते आणि "काका..." म्हणतात. पुढचं त्यांना बोलावं लागत नाही, मी गाडी वळवतो. त्या गॅस बघायला वर गेल्या की मी खाली गाडीत बसून घरी फोन लावतो. लेक आता तिच्या घरी असते, म्हणजे तिच्याच घरी लावतो. वाजतो, वाजतो, तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. मग ती उचलते आणि वैतागते, "बाबा, आहे हो झरोका उघडा, सकाळपासून तिसरा फोन आहे हा!" मी नुसता कान देऊन थांबतो. मागून फुगी ओरडली की मगच फोन ठेवतो.